घंटीसकट गाणं

“आवाजाची नस गाठीला चिकटलीय,” डॉक्टर म्हणाले. “वाचवायचा प्रयत्न करूच. पण हमी नाही देता येणार.”

बाईंनी अशी मान डोलावली, की गळा जणू शेजारणीचा होता. मुलाचा चेहरा मात्र उतरला. डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले तसा तो पाण्याची बाटली भरून आणायला गेला. बाटली भरलेलीच होती.

ऑपरेशन उद्या सकाळी होतं. सदुसष्टाव्या वर्षी बाईंना मरणाची फारशी भीती वाटत नव्हती. धास्ती होती ती दुसऱ्याच गोष्टीची. चौतीस वर्षं त्यांनी एक गुपित पोटात ठेवलं होतं आणि ते मुलाला सांगायचं तर आजच सांगायला हवं होतं. नुसतं सांगून तो विश्वास ठेवणार नाही, हे त्या जाणून होत्या. गाऊन दाखवावं लागणार, आणि गायला गळा लागतो.

बाई तेव्हा गावच्या रेडिओ केंद्रात टायपिस्ट होत्या. त्या साली एका नामांकित गायिकेचं गाणं भलतंच गाजत होतं. मोठमोठ्या शहरांतल्या केंद्रांसाठी रेकॉर्ड कंपनीने तिच्याकडून खास ओळी गाऊन घेतल्या होत्या. गाणं तेच, फक्त मध्येच त्या शहरातला एखादा रस्ता, एखादा चौक यायचा. गावच्या केंद्राच्या साहेबांनीही कंपनीला पत्र टाकलं. उत्तर आलं नाही. दुसऱ्या पत्रालाही आलं नाही, तेव्हा साहेब इरेला पेटले. आपल्या टायपिस्टबाई टाइप करताना गुणगुणतात आणि आवाज थेट त्या गायिकेचा लागतो, हे त्यांनी भिंतीपलीकडून कधीच हेरून ठेवलं होतं.

एका रविवारी त्यांनी बाईंना आणि टेपवाल्याला बोलावून घेतलं. स्टुडिओत रंगकाम चालू होतं, म्हणून टायपिंगच्याच खोलीत, खिडकीला सतरंजी ठोकून, दोन ओळी गाऊन घेतल्या. गाण्यात त्या जागी वाद्यं थांबायची आणि गायिका एकटीच गायची, त्यामुळे काम सोपं होतं. टेपवाल्याने ब्लेडने टेप कापली, मधला तुकडा काढला आणि बाईंच्या ओळी तिथे चिकटवल्या. मूळ गाण्यातली पोरगी समुद्रकिनारी वाट बघायची. ती आता पुलापलीकडे, पाण्याच्या टाकीखाली वाट बघायला लागली.

गाता गाता बाईंचं कोपर मशीनला लागलं, त्याचा गाडा सरकला आणि दुसऱ्या ओळीच्या शेवटी टाइपरायटरची घंटी वाजली. कागदावरची ओळ संपत आली की वाजते, तीच. पुन्हा गाते, असं बाई ओशाळून म्हणाल्या. टेपवाला म्हणाला, राहू द्या, सुरात आहे.

गाणं लागलं आणि गाव अक्षरशः वेडं झालं. एवढी मोठी गायिका, आणि तिला आपली पाण्याची टाकी ठाऊक. तोवर टाकीखाली भटकी कुत्री झोपायची. महिन्याभरात तिथे जोडपी उभी राहायला लागली आणि कुत्र्यांनी जागा बदलली. गावच्या बँडने हे गाणं बसवलं, तेव्हा ओळीच्या शेवटी वाजवायला म्हणून मुद्दाम एक घंटा विकत आणली.

हे बाहेर फुटलं तर केंद्राला टाळं लागेल, असं साहेबांनी बजावलं होतं. गुपित षट्कर्णी झालं की फुटतं म्हणतात. हे तर जन्मतःच सहा कानांचं होतं, तरी टिकलं. साहेब गेले, टेपवाला गेला. नवऱ्याच्या तोंडात तीळ भिजत नसे, म्हणून बाईंनी त्यालाही कधी सांगितलं नाही. तोही गेला.

मुलाला सांगता आलं असतं. तो तेव्हा आठ वर्षांचा होता. वर्गातला एक पोरगा म्हणाला, ही काही खरी गायिका नाही, कुणीतरी नक्कल केलीय. त्याचा ओठ फोडून आणि स्वतःच्या शर्टाची बटणं गमावून मुलगा घरी आला आणि छाती काढून म्हणाला, “आई, तिला आपलं गाव माहितीये ना?” बाईंनी हो म्हटलं. तिथेच सगळं चुकलं. त्यानंतर घरात ते गाणं लागलं की बाई म्हणायच्या, बंद कर ते. आईला गाण्याचा कान नाही, असं मुलाने ठरवून टाकलं, पुढे बायकोलाही तसंच सांगितलं.

बाटली घेऊन तो परत आला. शेजारच्या खाटेवर कपडे शिवणाऱ्या मावशी होत्या, पित्ताशयाच्या खड्यांसाठी दाखल झालेल्या. त्यांनी त्याला बसायला स्टूल सरकवून दिलं. बाई म्हणाल्या, “तुझ्या मोबाइलमध्ये ते गाणं आहे ना? टाकीवालं?”

“तुला कशाला? तुला तर ते आवडत नाही.”

“लाव. कानात घालायचं ते तूच घाल. त्या दोन ओळी ऐक, आणि शेवटी काय वाजतं ते सांग.”

गावातल्या कुणीतरी रेडिओवरून उतरवून घेतलेलं ते गाणं आता सगळ्यांच्या मोबाइलवर होतं. त्याने ऐकलं. न ऐकताही सांगितलं असतं. लहानपणी त्या जागी तो चमचा पेल्यावर आपटायचा. “घंटा वाजते. बँडवाले वाजवतात ती.”

“घंटा नाही रे, घंटी. कुठली आहे सांग बरं.”

तो हसला. मग त्याने पुन्हा ऐकलं, आणि तिसऱ्यांदा ऐकताना त्याचं हसू मावळलं. केंद्र बंद झालं तेव्हा ते मशीन बाईंनी घरी आणलं होतं. पंधराव्या वर्षी तो त्यावरच टायपिंग शिकला होता. ती घंटी त्याने हजारदा ऐकलेली होती, पण गाण्यातली घंटी ती हीच, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

बाईंनी मग त्याच्या कानाशी, हळू आवाजात सगळं सांगितलं. रविवार, सतरंजी, ब्लेड, कोपर. काही गाळलं नाही आणि चार वाक्यं जास्तही बोलल्या, कारण इतक्या वर्षांनी बोलायला फार बरं वाटत होतं. तो चादरीचा काठ चिमटीत धरून ऐकत होता.

“म्हणजे तो खरं बोलत होता,” शेवटी तो म्हणाला. “शाळेतला तो पोरगा. मी त्याला उगाच मारलं.”

“हो. ते माझ्यामुळेच झालं.”

“आणि तू गाणं बंद कर म्हणायचीस ते?”

“आवाज आपला, आणि कौतुक दुसरीचं. किती दिवस ऐकून घेणार? मीही माणूसच आहे.”

त्याने स्टूल खाटेजवळ ओढलं. मग हळूच म्हणाला, “एकदा म्हण ना, आई.”

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं, उशी पाठीशी उभी केली आणि त्या दोन ओळी म्हटल्या. आवाज वयाने जाडावला होता, वरच्या जागी थोडा कापलाही. पण टाकीखाली वाट बघणारी ती पोरगी त्यात अजून उभी होती. मुलाच्या डोळ्यांना धार लागली. मोबाइल त्याच्या हातातच होता, पण रेकॉर्ड करायचं त्याला सुचलंच नाही.

“छान म्हणता हो,” शेजारच्या मावशी म्हणाल्या. “पण खरं सांगू? रेडिओवरच्या त्या बाईंची सर नाही.”

मुलगा ताडकन वळला. बाईंनी त्याचं मनगट घट्ट धरलं आणि मावशींना म्हणाल्या, “ते तर आहेच. कुठे त्या, कुठे मी.” मनगट त्यांनी बराच वेळ सोडलं नाही.

गाठ साधी निघाली. नस मात्र वाचली नाही. तोंडातून नुसता वारा यायचा. बाईंना एक वही आणि पेन्सिल दिली होती, वहीत त्या ‘चहा’, ‘पंखा कमी’, ‘सुनेला जेवायला पाठव’ असं लिहायच्या, तेही शुद्धलेखन सांभाळून.

दहाव्या दिवशी आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या तरुण डॉक्टरीणबाईंनी त्यांना बोलावलं. टेबलावर फॉर्म घेऊन त्यांनी वय विचारलं, पत्ता विचारला, बाकीचं भराभर लिहून घेतलं. मुलगाच उत्तरं देत होता.

“आवाज कामासाठी वापरावा लागायचा का? म्हणजे शिक्षिका वगैरे? काय करायच्या या?”

“गायिका,” मुलगा म्हणाला. आईकडे त्याने पाहिलं नाही.

बाई दचकल्या. उभ्या आयुष्यात चुकीचं अक्षर असलेला कागद त्यांनी हातावेगळा केला नव्हता. त्यांनी घाईने वही ओढली आणि ‘टाय’ एवढं लिहिलं. समोर डॉक्टरीणबाई सावकाश, गोल अक्षरात फॉर्मवर ‘गायिका’ लिहीत होत्या. बाईंनी ते अक्षर अन् अक्षर वाचलं. मग पेन्सिल खाली ठेवली, आणि वही मिटून मांडीवर घेतली.