नऊ खांबांची ओळ

भीमराजनं ती बोटाएवढी स्लाइड खिडकीच्या उजेडात धरली. पांढऱ्या बर्फावर नऊ खांब उभे होते, दोरी लावल्यासारखे सरळ.

"ती शेवटी ठेव," अच्युतराव म्हणाले. "सगळं भाषण तिच्यावरच उभं आहे."

शहाऐंशी सालचा एप्रिल होता. गुलबर्ग्यातल्या त्या बैठ्या घरात पंखा गरम हवाच फिरवत होता. संध्याकाळी कॉलेजात अच्युतरावांचं अंटार्क्टिकावर व्याख्यान होतं. ते भूगर्भ खात्यातले मोठे साहेब, आणि भीमराज त्यांच्या हाताखालचा खलाशी, म्हणजे मोजणीचा गडी; सामान वाहायचं, खांब रोवायचे, टेपचं टोक धरायचं. कोहिनूर गावच्या बौद्ध वस्तीतला हा माणूस साहेबांबरोबर दोनदा त्या बर्फात राहून आला होता. तिथं दोघं एका तंबूत झोपले, एका पातेल्यातलं जेवले. इथं मात्र तो खुर्चीच्या कडेवर टेकला होता, आणि साहेबांच्या पत्नी नलिनीबाईंनी दिलेला चहा निवत चालला होता.

अच्युतराव स्लाइडी पुसत बोलत होते. डोंगराच्या कुशीतली ती लहानशी हिमनदी. पहिल्या वर्षी तिच्यावर आडवे, या खडकापासून त्या खडकापर्यंत, नऊ खांब एका रेषेत रोवले. दुसऱ्या वर्षी दुर्बिणीतून पाहिलं तर नऊही जागच्या जागी. त्यावर त्यांनी लेख लिहिला होता. मोठ्या हिमनद्या सरकतात. ही लहान, तळाच्या खडकाला गोठून चिकटलेली. ही चालत नाही. चालत नाही म्हणून तिच्या तोंडाशी असलेली बर्फाची उभी कड ढासळायची नाही. पुढच्या मोहिमेत सहा माणसांची खोली त्या कडेखालीच, वाऱ्याच्या आडोशाला बांधायची असं ठरत होतं. लेख पाकिटात भरलेला होता. शेजारी भीमराजच्या शिफारशीचा अर्ज होता, नुसती सही राहिलेला.

"दोन्ही आजच्या टपालानं जातील. सहा जणांत तुझं नाव पहिलं घातलंय. तुझ्या हातचे खांब, केसभर हलले नाहीत."

भीमराजनं मान डोलवली. गावी आईला, भागाबाईला, त्यानं पुन्हा जाणार म्हणून सांगूनही टाकलं होतं. वस्तीतल्या बाया तिला 'बर्फवाल्याची माय' म्हणून चिडवत. ती वरवर रागवायची आणि पुन्हा त्यांच्याच ओट्यावर जाऊन बसायची.

दुसऱ्या वर्षी साहेबांच्या एक दिवस आधी त्याला हेलिकॉप्टरनं हिमनदीवर उतरवलं होतं, खांबांभोवतीचा नवा बर्फ खोरून ठेवायला. त्यानं पहिल्या खांबाला डोळा लावला. ओळ मधोमध उताराकडं वाकली होती. त्याला वाटलं, आपणच वाकडी रोवली. बाप नरसिंगनं जन्मभर दुसऱ्याच्या रानात तिफण हाकली. पेरणीचा तास वाकडा गेला की ज्वारी कापणीला येईस्तोवर येणारा-जाणारा बघून हसायचा, आणि मालक तर थेट जातीवर यायचा. भीमराजनं दोन्ही टोकांच्या खांबांना दोरी बांधली, मधले सात उपटले आणि दोरीवर पुन्हा रोवले. जुनी भोकं वाऱ्यानं तासाभरात बुजवली.

हिमनदी चालते, हे त्याला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. परतताना जहाजावर साहेबांनी हौसेनं समजावलं, नदीसारखीच मधे जास्त चालते म्हणून, तेव्हा त्याला कळलं की आपण काय करून बसलो. तेव्हापासून सव्वा वर्ष त्यानं ते कुणाला सांगितलं नव्हतं.

अच्युतरावांनी अर्ज पुढं ओढला. पेनाचं टोपण काढलं.

"साहेब," भीमराज म्हणाला, "ते खांब हलले व्हते."

पेन कागदावर टेकलेलंच राहिलं. शाईचा ठिपका मोठा होत गेला. भीमराजनं सगळं सांगितलं, खाली फरशीकडं बघत, न थांबता.

"उपटलेस कामून?"

"वाकडे दिसले म्हणून."

"वाऱ्यानं गेले असतील."

"वाऱ्यानं कलले असते, साहेब. ते ताठच व्हते."

अच्युतराव उठले, खिडकीपाशी गेले, परत आले. शांत माणूस, पण त्यांच्या मानेची शीर फुगली होती. ही दुसरी मोहीम त्यांची शेवटची होती. पुन्हा जाऊन मोजणं त्यांच्या नशिबात नव्हतं.

"सव्वा वर्ष गप बसलास. आज तरी कशाला सांगायलास? अर्ज गेला असता."

"त्या कडेखाली सहा माणसं निजणार की, साहेब."

अच्युतराव टेबलापाशी बसले. मग कोरा कागद घेऊन त्यांनी नऊ ठिपके मांडले आणि विचारलं, कोणता खांब किती सरकला होता ते काही आठवतं का. त्यांच्या आवाजात आशा नव्हती.

भीमराजला मात्र पाठ होतं. आपण किती चुकलो ते बघायला, नव्या भोकापासून जुन्या भोकापर्यंत त्यानं हात टाकून मोजलं होतं, आणि ती लाज तो तोंडपाठ घेऊन फिरत होता. पहिला न् नववा जागेवरच. दुसरा चार बोटं. तिसरा एक हात. चौथा हात न् एक वीत. पाचवा दोन हात चार बोटं. सहावा चौथ्याएवढाच. सातवा हाताला थोडा कमी. आठवा चार बोटं.

अच्युतरावांनी ठिपके जोडले. कागदावर धनुष्याची कमान उतरली. तिच्याकडं बघताना त्यांचा चेहरा सैल पडत गेला, राग कुठं गेला ते त्यांनाही कळलं नसावं. असली कमान कुणाला मनानं रचता येत नाही. त्यांनी पाकीट उघडलं, लेखाची पानं काढली आणि पहिल्या पानावर आडवी रेघ मारली.

दारात नलिनीबाई आल्या. कॉलेजची गाडी आली होती.

"थांबव गाडीला," ते म्हणाले. मग शाई पडलेला अर्ज त्यांनी उचलला, दोनदा घडी घातली, टेबलाच्या खणात टाकला. "हा मला पाठवता येणार नाही, भीमराज."

"व्हय, साहेब."

खण बंद झाला. भीमराज उठून उभा राहिला. चपला दाराबाहेर होत्या.

"बस. हात पुढं कर."

काय ते न समजता त्यानं हात पुढं केला. अच्युतरावांनी त्याचं मनगट धरून हात टेबलावर पालथा ठेवला. पोलादी टेपचं एक टोक कोपराला लावलं, दुसरं मधल्या बोटापर्यंत ओढलं.

"ताणू नको. तिथं ठेवला होतास तसाच ठेव."

त्यांनी वाकून आकडा वाचला, लिहिला. पुन्हा पहिल्यापासून टेप लावला, पुन्हा वाचला. बाहेर गाडीनं हॉर्न दिला. अच्युतरावांनी मान वर केली नाही.

भीमराजनं आपणहून चार बोटं जुळवली आणि कागदावर टेकवली.

"ही बी मोजा," तो म्हणाला.