थोरल्यांची वाट

मध्यान्हीची खाडी ओसरत होती. रुपेरी, निःशब्द, तेजोमय पाणी काठाकाठानं मागे सरत होतं आणि काळाशार चिखल उन्हात उघडा पडत होता. टेकडीवरच्या इस्पितळात, काचेपलीकडच्या शीतल-शुभ्र खोलीत, यशवंत खवणेकराचं हृदयही तसंच ओसरत होतं. सकाळी किनाऱ्यावर जाळं विणताना त्याला झटका आला होता.

तुंबलेली रक्तवाहिनी उघडून झाली, तरी हृदय उठेना. मांडीतून आत सोडायचा एक पंप, करंगळीहून बारीक, त्याचा भार काही दिवस उचलू शकला असता. डॉक्टर वैजयंती उकिडव्यांनी कागद त्याच्या बायकोपुढे, शेवंतीपुढे, ठेवला. तिची सही पुरेशी होती.

"थोरले भावोजी येवंदेत," ती म्हणाली. "तेंच्याबगर आमच्या घरात काय ठरणा नाय."

थोरले, यशवंतचे मोठे भाऊ भिकाजी, समुद्रात होते. त्यांची होडी भरतीबरोबर परतणार होती. खवणेकरांची नवी होडी त्यांच्या नारळाशिवाय पाण्यात गेली नव्हती, खवणेकरांची लेक त्यांच्या होकाराशिवाय सासरी गेली नव्हती.

थांबणं जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी तिला बजावायला हवं होतं. त्यांनी बजावलं नाही. पंप केव्हा लावावा यावर भल्याभल्या शहाण्यांचं एकमत नव्हतं. त्यात औषध वाढवलं की पडद्यावरचा रक्तदाबाचा आकडा चढत होता. आकडा चढला, धीर आला. आकडा उतरला, औषध वाढलं. दमलेल्या बैलाला आसूड ओढून चार पावलं चालवावं, तसं ते हृदय चाललं होतं. लघवीची पिशवी रितीच होती. शेवंती नवऱ्याचे पाय चोळत होती, आणि पाय गार होते, गार होते, गारच होते.

सुवर्णधूसर सायंकाळी भिकाजी खारट, ओल्या कपड्यांनी धावत आले. उभ्या उभ्या सही केली. पंप लागला, वरातीमागून घोडं आलं. रक्त फिरू लागलं, पण मूत्रपिंडं विझली होती, यकृत विझलं होतं. यशवंतनं डोळे उघडले नाहीत.

"माज्यासाठी कित्याक थांबलंस गो?" भिकाजींनी विचारलं. "मी तुका कधी थांब म्हटलंय?"

त्यांनी कधीच म्हटलं नव्हतं. हेच तिला सोसवेना. दुपारी लावला असता तर वाचले असते का, असं तिनं डॉक्टरांना विचारलं. सांगता येत नाही, डॉक्टर म्हणाल्या. ते खरं होतं, आणि खरं असूनही त्यांना तिच्याकडे बघवलं नाही.

तिसऱ्या दिवशी, केशरकोवळ्या प्रहरी, दोन डॉक्टरांनी यशवंतला पुन्हा तपासलं. रक्ताविना राहिलेल्या मेंदूत आता काही उरलं नव्हतं. फिरत होता तो फक्त पंप. तो थांबवायचा कागद आला. सगळ्यांनी थोरल्यांकडे पाहिलं. थोरल्यांनी कागद तसाच शेवंतीपुढे सरकवला.

तिनं कुणाची वाट पाहिली नाही. नाव लिहिलं, सावकाश, सबंध, नवऱ्याच्या नावासकट. मग पदर सावरून ती त्याच्या उशाशी बसली. आणि पंपाची बारीक घरघर मंदावली, मंदावली, निमाली.