पांढरा गोटा उचलू नका: किलफेरनच्या खळग्याच्या दगडाची गोष्ट

संध्याकाळचे बरोबर सहा वाजले होते तेव्हा हे सुरू झालं. वेळ मला पक्की ठाऊक आहे, कारण गावच्या चर्चमध्ये प्रार्थनेची घंटा सुरू झाली आणि भिंतीतल्या खिंडारातून आत आलेला मेंढपाळ कॉलमन जागच्या जागी थांबला. घंटा झाली की आमच्याकडे माणूस हातातलं काम टाकतो आणि टोपी काढतो. त्याच्या एका हातात फावडं होतं आणि दुसऱ्या बगलेत साबणाचं लाकडी खोकं. टोपी कशी काढणार? त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि ते खोकं अलगद माझ्यावर ठेवलं.

मी किलफेरनच्या जुन्या मठातला दगड बोलतोय. माझ्या माथ्यावर परातीएवढा खळगा आहे. पाऊस पडला की त्यात पाणी साठतं, आणि आयर्लंडच्या या गॉलवे परगण्यात पाऊस पडत नाही असा आठवडा मी तरी पाहिलेला नाही.

खोकं हलकं होतं. घंटा संपेपर्यंत मी ते सांभाळलं. मी दुसरं काय करू शकत होतो?

पण आधी माझं सांगतो, म्हणजे तुम्हाला जागा समजेल.

मी मुळात शेतातला एक धोंडा. खळगा मला देवाने दिला नाही, ओडरान नावाच्या साधूने दिला. तो आणि त्याचे सोबती इथे आले तेव्हा इथे काट्यांशिवाय काही नव्हतं. त्यांनी गोल भिंत घातली, आत मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या खोल्या बांधल्या आणि एक एवढंसं देऊळ उभं केलं. ओडरानकडे आजाऱ्यांचं काम होतं. तो माझ्यावर पाला कुटायचा, सातू भरडायचा. रोज त्याच जागी कुटून कुटून मला खड्डा पडला. तो गेल्यावर दुसरा आला, मग तिसरा. ते एकमेकांच्या घोरण्यावरून भांडायचे, उपास मोडायला निमित्त शोधायचे. फार पवित्र होते असं मी म्हणणार नाही, पण दारात आजारी माणूस आला तर त्याला परत पाठवत नसत.

मग समुद्राकडून लुटारू आले, आग लागली, पुन्हा बांधलं, पुन्हा आग लागली. पुढे करड्या अंगरख्याचे साधू आले. त्यांनी नदीकाठी मोठा मठ उभारला आणि इकडचं येणंजाणं कमी झालं. पुढे इंग्लंडच्या राजाच्या माणसांनी त्या मोठ्या मठाचंही छप्पर उतरवलं. त्यानंतर ज्याला मेंढवाडा बांधायचा तो आमच्या भिंतीतले दगड न्यायचा. मलाही एकाने घोडा लावून ओढून पाहिलं. घोडा बसला, मी हललो नाही.

लोकांनी मात्र मला सोडलं नाही. पाला कुटणारे गेले, तर लोक खळग्यातलं पाणीच औषध म्हणून नेऊ लागले. खाली ओढ्यातून पांढरा गोटा आणायचा, खळग्यात ठेवून सूर्य फिरतो त्या बाजूने फिरवायचा आणि ते पाणी दुखऱ्या जागी लावायचं. गोटा तिथेच ठेवून जायचं. ही आमच्याकडची रीत.

आणि दुसरी एक रीत होती. तिच्याबद्दल कुणी मोठ्याने बोलत नसे.

बाप्तिस्म्याआधी गेलेलं बाळ गावच्या पवित्र जमिनीत पुरू देत नसत. फादरांचा नियम तसा होता. मग बाप ते बाळ दिवस मावळताना घेऊन निघायचा. कुणी शेताच्या बांधावर पुरायचा, कुणी तळ्याकाठी, आणि पुष्कळजण इथे, या पडक्या मठात, कारण एके काळी इथे प्रार्थना झाली होती. आई अंथरुणात असायची. कुठे नेलं हे तिला सांगत नसत आणि तिने विचारायचं नसे. म्हणायचे, जागा कळली तर बाई तिथेच जाऊन बसेल.

माझ्या आजूबाजूच्या गवतात अशी किती बाळं आहेत हे मी मोजलेलं नाही.

त्या संध्याकाळी घंटा थांबल्यावर कॉलमनने माझ्या उजव्या अंगाला खणलं. खोकं ठेवलं, माती ओढली, हिरवळीचा तुकडा परत बसवला. मग खिशातून एक पांढरा गोटा काढला. त्याच्या पोटात तांबूस शीर होती. तो खुणेसाठी गवतात दाबून ठेवला आणि निघून गेला.

पुढे तो अधूनमधून यायचा. मेंढरू शोधायला आलोय असं दाखवायचा, पण मेंढ्या कधी त्या बाजूला नसायच्याच. गोट्यावरचं गवत बाजूला करायचा, माझ्यावर टेकून पाइप ओढायचा आणि जायचा. त्याची बायको डेलिया मी त्या दिवसांत पाहिली नव्हती.

ती आली चार वर्षांनी, कडेवर दुसरं बाळ घेऊन. विनी तिचं नाव. पोरीला डांग्या खोकला झाला होता. खोकल्याची उबळ आली की ओठ निळे पडायचे आणि डेलियाचा चेहरा पांढरा. बरोबर शेजारची म्हातारी ऑनर होती. तिचे गुडघे गेलेले, म्हणून ती भिंतीपाशीच बसली आणि तिथून हुकूम सोडू लागली.

"ऑनरमावशी, ही सकाळपासून दूध ओढत नाही गं. आणि बघ, छाती कशी आत जातेय."

"बघितली. घरापासून इथवर शंभरदा दाखवलीस. गोटा ठेव आणि फिरव."

"ही श्वास घेतेय ना?"

"खोकतेय म्हणजे श्वास घेतेयच की. फिरव गं बाई. सूर्याच्या बाजूने, उलटं नको. आणि त्या गवतात उगीच फिरू नकोस."

डेलिया माझ्याजवळ आली आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की ओढ्यातून गोटा आणायचा राहिला. पोरीच्या खोकल्यापुढे तिला ओढा आठवलाच नव्हता. परत खाली जायचं तर निसरडी वाट, त्यात पोरीला उबळ आली. तिने बाळ डाव्या हातावर घट्ट धरलं, उजवीकडे वाकली, आणि गवतात जो पांढरा गोटा दिसला तो उचलला.

तांबूस शिरेचा गोटा.

मी ओरडलो असतो. दगडाला ते जमत नाही.

तिने तो खळग्यात ठेवला, नीट फिरवला, बोटं ओली करून पोरीच्या गळ्याला लावली आणि गेली. ऑनरची नजर अधू होती. तिला काही दिसलं नाही.

पोर बरी झाली. मी बरी केली असं म्हणणार नाही. डांग्या खोकला आपल्या सवडीने येतो आणि आपल्या सवडीने जातो.

कॉलमन आला तो त्यानंतर. नेहमीसारखं गवत बाजूला केलं आणि त्याचा हात थांबला. थोडं इकडे पाहिलं, थोडं तिकडे. मग गुडघ्यांवर बसला. गवत वाढलेलं, दगड पुष्कळ, सगळे सारखे. उठताना त्याला खळग्यातला गोटा दिसला. हातात घेऊन उलटासुलटा केला. गोटा सापडला होता, पण जागा गेली होती. तो गोटा कुठे ठेवायचा हे आता जगात कुणालाच ठाऊक नव्हतं, असं त्याला वाटलं. खिशात टाकून तो घरी गेला.

नंतर तो बरेचदा येत राहिला. मेंढरांचं सोंगही सोडून दिलं. बोटांनी माती चाचपायचा, एका जागी गोटा ठेवायचा आणि पुन्हा उचलायचा.

एका रविवारी डेलिया नवस फेडायला आली. विनी आता गुटगुटीत झाली होती, आईच्या केसांना लोंबकळत होती. डेलियाने खळग्यात ठेवायला कोटाचं एक चांगलं बटण आणलं होतं. भिंतीपाशी ऑनर नेहमीच्या जागी बसली. आणि गवतात कॉलमन गुडघ्यांवर होता.

"मेंढी हरवली का तुझी?" डेलियाने विचारलं.

"नाही."

"मग? प्रार्थनेला गुडघे टेकायला सांगितलं तर कंबर दुखते म्हणतोस."

तो हसला नाही. त्याने मूठ उघडली. "हा या खळग्यात होता."

"मीच ठेवलाय तो. विनीच्या खोकल्यासाठी."

"ओढ्यातून आणलास?"

"नाही. आणायला विसरले. इथलाच उचलला. चुकलं का काही? पोर तर बरी झाली."

त्याने अंगठ्याने गोट्यावरची माती पुसली. बाहेर ऑनर खोकली.

"कुठून उचललास?"

"का रे?"

"कुठून उचललास तेवढं सांग, डेलिया."

तेव्हा तिला कळलं. तिने आधी विनीला घट्ट धरलं, मग पायांखालच्या गवताकडे पाहिलं आणि पाय जपून मागे घेतला.

"इथे आणलंस होय त्याला," ती म्हणाली. "मला वाटायचं तळ्याकाठी. चार वर्षं मी तळ्याकडे तोंड करून बसते."

"सांगायचं नसतं. माझ्या आईने बजावलं होतं."

"तुझी आई आता आहे कुठे बजावायला?" आणि मग, "कशात ठेवलंस?"

"साबणाच्या खोक्यात. आतून तुझी निळी शाल लावली."

"ती शाल? मी वाऱ्याला शिव्या घालत होते, दोरीवरून उडवली म्हणून."

मग कॉलमन म्हणाला, "मला जागा सापडत नाहीये. मी खूप शोधली."

डेलिया माझ्याजवळ आली. विनीला डाव्या हातावर घेतलं, तेव्हा घेतलं होतं तसंच. "ही डावीकडे होती. खोकत होती म्हणून मला लांब जाता येत नव्हतं. पाय इथे होता, दगडाला टेकलेला." तिने डोळे मिटले आणि उजवीकडे वाकली. हात खाली गेला आणि गवतात टेकला.

"इथे."

कॉलमनने गवत बाजूला केलं. गोट्याएवढी खोलगट जागा होती, तिथली माती अजून फिकट होती.

त्याने गोटा तिच्या हातात दिला. तिनेच तो बसवला.

"काय चाललंय तिकडे?" भिंतीपाशी बसूनच ऑनर ओरडली. "नवराबायको मिळून बटाटे लावताय की काय?"

म्हातारी काठी टेकत, धापा टाकत आत आली. जवळ येऊन तिने पाहिलं आणि पुढचा टोमणा गिळला. मग काठीचं टोक माझ्या पलीकडे दाखवून म्हणाली, "माझी तिथे कुठेतरी असेल. माझ्या नवऱ्याने नाहीच सांगितलं. मीही विचारलं नाही." डेलियाने तिला माझ्या काठावर बसवलं आणि आणलेलं बटण तिच्या हातात ठेवलं. कुठे ठेवायचं ते म्हातारीने ठरवलं.

आता ती तिघंही गावच्या जमिनीत आहेत, नावं कोरलेल्या दगडांखाली. विनी स्वतः म्हातारी झाली आहे. वर्षातून एकदा येते, डाव्या हातात पिशवी धरून उजवीकडे वाकते. बाप्तिस्म्याचा तो नियम कडक राहिला नाही, त्यामुळे हल्ली इथे कुणी खोकं घेऊन येत नाही. बरं झालं.

फाटकाजवळ पाटी लागली आहे. तिच्यावर साधूंचं लिहिलंय, लुटारूंचं लिहिलंय, माझं मापही आहे. बाळांचं नाही. सुट्टीत गाड्या येतात, मुलं माझ्या पाण्यात हात घालतात आणि गवतातला पांढरा गोटा छान दिसतो म्हणून कुणीतरी खिशात टाकतं. त्यांचं चुकतं असं नाही. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

म्हणून तुम्हाला सांगतोय. किलफेरनच्या गवतातला पांढरा गोटा उचलू नका. उचलला गेलाच, तर कोणत्या हाताला वाकला होता, पाय कुठे टेकला होता ते आठवा आणि परत ठेवा. आणि इथे यायला निघालेला कुणी भेटला, तर त्याच्याही कानावर घाला. मला स्वतःला ओरडता येत नाही.