बाराशे आलेख, तीनशे तारे

धम्मदीपाला संध्याकाळी पाचच्या आत एक आकडा पाठवायचा होता. अडतीस. तो पोचला की खगोलशास्त्राच्या परिषदेत बोलायला मिळणार, आणि बोलायला मिळालं की पुण्यातली शिष्यवृत्ती वर्षभर वाढणार, असं तिचे मार्गदर्शक सर म्हणाले होते.

इंझोरीतल्या घराच्या ओसरीत ती लॅपटॉप उघडून बसली होती. तिचा विषय सूर्याहून लहान, थंड, तांबूस ताऱ्यांचा. त्यांच्या प्रकाशाचा आलेख एवढा गिचमिड, की त्यातून तापमान काढताना जाणकारही चाचपडतात. म्हणून ते काम तिने संगणकाला शिकवलं होतं. ज्यांचं तापमान दुसऱ्या मार्गाने ठाऊक होतं अशा ताऱ्यांचे बाराशे आलेख तिच्याकडे होते. बहुतेक दाखवून शिकवायचं, उरलेले झाकून ठेवून परीक्षा घ्यायची. परीक्षेत प्रोग्राम सरासरी अडतीस अंशांनीच चुकला. इतरांचे शंभराच्या आसपास चुकत.

घरामागच्या वाडीत काकडीचा पहिला तोडा होता. एक कडू काकडी गेली तरी शेलूबाजारातलं गिऱ्हाईक तुटतं, म्हणून तिची आई केशरबाई आधी चाखून बघायची आणि कडू वेलाला लाल चिंधी बांधायची. त्या वेलाचा माल बकरीला. आईने हाक मारली तशी धम्मदीपा उठली. हाताशी आल्या त्या चार काकड्या तोडून तिने चाखल्या. चारही गोड.

"माय, माल चांगला हाय. तोड बिनधास्त."

केशरबाईने वेलाकडे पाहिलं. "चारी याच वेलाच्या ना? एक चाखली तवाच बाकीच्या तीन समजल्या, बाई. बाकी वेलांचं कायच्या भरोशावर सांगून राह्यली तू?"

धम्मदीपाच्या हातातली फोड हातातच राहिली. आलेख बाराशे, पण तारे तीनशे. एकेकाचे चार. वाटणी करताना तिने आलेख पिसले होते, तारे नाही. ज्या ताऱ्याचे तीन आलेख शिकवताना दाखवले, त्याचाच चौथा परीक्षेत आला होता. प्रोग्रामने तापमान काढलं नव्हतं. ओळखीचा तारा ओळखला होता.

तिने एका ताऱ्याचे चारही आलेख एकाच बाजूला येतील अशी वाटणी केली आणि प्रोग्राम पुन्हा शिकवायला लावला. चार वाजून वीस मिनिटांनी आकडा आला: एकशे चार. वाटणी कशी केली हे कुणी विचारलं नव्हतं, विचारणारही नव्हतं. तरी तिने सरांना फोन लावला.

आता भाषण मिळणं कठीण, शिष्यवृत्तीसाठी शब्द टाकेन पण खात्री नाही, असं सर म्हणाले. शेवटी म्हणाले, "पाठव."

चार छप्पनला एकशे चार गेला.

"झालं काम?" केशरबाईने विचारलं.

"झालं. पन नंबर नाई लागनार."

"काहून?"

"मीबी चारी एकाच वेलाच्या चाखल्या होत्या, माय."

केशरबाईने कमरेला खोचलेल्या लाल चिंध्या काढून लेकीच्या हातात दिल्या. बेचाळीस वेल होते, आणि दिवस मावळायच्या आत प्रत्येकाची एकेक चाखायची होती.