मुंगीच्या हाताची खाच

"वेणी मी घालायची, घास मी भरवायचा, बूट मी चढवायचे. आणि ही बघा, पाय पुढे करून बसलीय महाराणी! अगं, निदान मोजा तरी ओढशील की नाही वर?"

ही कुरकुर आत्याची. रोज सकाळी ती माझ्यापासून हातभर अंतरावर चालते. आत्या रागीट नाही. एवढे बोलून होईपर्यंत मोजा तिनेच वर ओढलेला असतो.

मी एक जुने लाकडी स्टूल आहे. आज दुपारपर्यंत माझा मुक्काम स्वयंपाकघराच्या दाराआड, बादली आणि झाडू यांच्यामध्ये. माझ्या डोक्यावर साबणाच्या पावडरीचा डबा होता. तिथून दिसायचे थोडे, पण ऐकू मात्र सगळे यायचे. मित्रांनो, नुसते ऐकत राहणे फार जड जाते.

सुताराच्या दुकानात एका दाराची फळी उरली होती, तिच्यातून माझा जन्म झाला. मला करून घ्यायला मुंगीची आई आली होती. मुंगी म्हणजे तिची मुलगी. चालायला लागल्यापासून ती काही ना काही उचलून इकडचे तिकडे नेत असे, म्हणून घरात तिला सगळे मुंगीच म्हणत. आई शिवणकाम करायची, त्यामुळे मापाच्या बाबतीत भारी काटेकोर. तिने सुताराला सांगितले, "उचलायला मधोमध खाच ठेवा. पण माझा हात जाईल एवढी नको. हिचा जाईल एवढीच."

"मग ताई, तुम्ही कसं उचलणार?"

"मी उचलणारच नाहीये."

"म्हणजे गिऱ्हाईक तुम्ही आणि मालकीण ही!" सुतार हसला. त्याने मुंगीचा हात फळीवर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली. मुंगीला गुदगुल्या झाल्या, हात हलला, रेघ वाकडी गेली. सुताराने खाच तशीच वाकडी कापली. ती आजही तशीच आहे.

घरी आल्यावर आईची पद्धत मला कळली. ती मला पायाने सरकवत नळापाशी आणायची, दोन हात मागे पाऊल टाकायची, हात पाठीमागे धरायची आणि म्हणायची, "मी इथेच आहे." बस, एवढेच. काय करायचे, आधी काय, नंतर काय, यातले अवाक्षर नाही. मुंगी माझ्यावर चढून जरा वेळ इकडेतिकडे बघायची. मग कधी कप विसळायची, कधी रुमाल धुवायची, कधी खिडकीतल्या कुंडीला पाणी घालायची. सुरुवात तिची असायची. पाणी कोपरापर्यंत ओघळायचे, साबण निसटून माझ्या पायाशी यायचा, मी नखशिखांत भिजायचो. कप घसरू लागला की आईचा खांदा नकळत पुढे यायचा. हात मात्र मागेच.

बाबा एकदा वैतागले. "अगं, अर्धी बादली सांडली तिनं! आणि तू हात बांधल्यासारखी काय उभी?"

"बांधलेच आहेत," आई म्हणाली. "सोडले की मीच धुऊन मोकळी होईन. मग ती काय करेल, माझ्याकडे बघत बसेल?"

बाबा बस चालवतात. गावातली दिवसाची पहिली गाडी तेच काढायचे. "बाईसाहेब, मी एवढी मोठी बस सुरू करतो, पण कुणी आपणहून सुरू करेपर्यंत मला एवढा धीर धरवत नाही," असे म्हणून त्यांनी फरशी पुसायला घेतली. आईने त्यांच्याही हातातले फडके मुंगीसमोर टाकले.

ते माझे भाग्याचे दिवस. पाहुणे म्हणायचे, "काय छान स्टूल आहे हो!" मुंगी लगेच सांगायची, "माझं आहे. तुमचा हातच जाणार नाही त्यात."

मग आई आजारी पडली. शिवणयंत्रावर चादर आली आणि निघालीच नाही. तिला दवाखान्यात न्यायला गाडी आली, त्या सकाळी चपला घालता घालता ती स्वयंपाकघरात आली. मला सरकवायला तिला दोनदा पाय लावावा लागला. हात मागे धरायचे बळ नव्हते, ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. "मी इथेच आहे" हे शब्द मला काही ऐकू आले नाहीत. मुंगीने स्वतःचा कप धुतला. मग कुणी न सांगता आईचाही धुतला. दोन्ही कप शेजारी शेजारी पालथे घातले आणि ती वळली. चौकट रिकामी होती. बाहेर गाडीचे दार लागल्याचा आवाज आला.

आई परत आली नाही. मला ते लवकर कळले, कारण या घरात मोठी माणसे रडायला स्वयंपाकघरात येतात आणि नळ सोडून रडतात. मुंगीला तेव्हा शेजारच्या काकूंकडे ठेवले होते. ती घरी आली तोवर सगळ्यांनी तोंडे धुतली होती.

"आई कुठंय?"

"दवाखान्यात आहे हं, राजा. बरी झाली की येईल," आत्या म्हणाली. ती आता राहायलाच आली होती. बाबा खिडकीतून बाहेर बघत राहिले.

पुढे कधी विचारले की तो दवाखाना आणखी मोठा व्हायचा, आणखी लांब जायचा. मग मुंगीने विचारणे सोडले. त्याच सुमाराला बाबांनी माझ्याकडे न बघता मला पायाला धरून उचलले आणि दाराआड ठेवले.

तेव्हापासून मुंगी रोज सकाळी नळापाशी येते, जिथे मी असायचो तिथे उभी राहते आणि मागे वळून चौकटीकडे बघते. ती वाट बघते. तेवढ्यात आत्या येते, हातात पेस्ट लावलेला ब्रश, खांद्यावर टॉवेल, दुसऱ्या हातात दुधाचा कप. "उभी काय राहिलीस? आ कर!" बिचारी आत्या. तिचे हात मायेने इतके भरलेले असतात की ते पाठीमागे जायला मोकळेच नसतात.

परवा शाळेतून आल्यावर आत्या बाबांना सांगत होती, "बाई म्हणाल्या, वही उघड म्हटलं की उघडते, लिही म्हटलं की लिहिते, आणि ओळ संपली की थांबते. आपणहून काही म्हणजे काही करत नाही. आळशी झालीय का रे पोरगी?"

बाबांची गाडी हल्ली दुसराच कुणी काढतो. ते पुढच्या खोलीत खुर्चीवर बसलेले असतात. अंघोळीला जा, हेही आत्याच त्यांना सांगते.

मित्रांनो, मला ओरडून सांगावेसे वाटायचे, की ती आळशी नाही! तुमच्या हातातले काम कुणी घाईने ओढून घेतले, तर तुम्ही रागावू नका. त्यात बहुधा प्रेमच असते. पण त्यांना म्हणा, "जरा थांब, मला सुरू करू दे. तू फक्त इथे उभी राहा." सांडेल, चुकेल, वेळ लागेल. लागू द्या. आणि मला, म्हणजे माझ्यासारख्या तुमच्या घरातल्या बुटक्या स्टुलाला, दाराआड टाकू नका.

आज दुपारी आत्याने आवरायला काढले. साबणाचा डबा माझ्या डोक्यावरून उतरला. मला बाहेर ओढत ती पुढच्या खोलीच्या दिशेने म्हणाली, "दादा, हे भंगारवाल्याला देऊन टाकू का रे? नुसती अडगळ. उचलावं म्हटलं तर धड हातसुद्धा जात नाही खाचेत!"

नळापाशी उभी असलेली मुंगी वळली. तिने कुणाकडेही न बघता माझ्या खाचेत हात घातला. मित्रांनो, हात आता वाढला आहे. बोटे घासली, अंगठा अडला, पण गेला. ती मला ओढत निघाली.

"अगं, कुठं नेतेस? फरशीला चरे पडतील! दे इकडे, मी—"

मुंगी थांबली नाही. तिने मला थेट बाबांच्या खुर्चीसमोर नेऊन ठेवले. मग दोन हात मागे पाऊल टाकले आणि हात पाठीमागे धरले.

"मी इथेच आहे," ती म्हणाली.

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग खुर्चीवरून खाली सरकले आणि माझ्यावर येऊन बसले. एवढा मोठा माणूस! माझे सांधे करकरले. त्यांचे गुडघे छातीला लागले आणि तोंड मुंगीच्या तोंडासमोर आले. ते बोलायला गेले, थांबले. आत्या काहीतरी सुचवायला दारातून पुढे झाली, आणि तिने आपलेच दोन्ही हात पदरात घट्ट गुंडाळून घेतले.

मुंगी तशीच उभी होती. तिने घाई केली नाही.

"मुंगे," बाबा म्हणाले, "आई दवाखान्यात नाहीये गं. आई गेली. ती आता कधीच येणार नाही."