मोहनसिंगची गरम मूठ

मी एक मूठ बोलतेय. मारायची नव्हे, धरायची. मोटारसायकलच्या हँडलला उजव्या बाजूला जी रबरी मूठ असते ना, जी पिळली की गाडी पळते, तीच मी. पण हिंगोली जिल्ह्यातल्या हजारो मुठींत तुम्ही मला लगेच ओळखाल, कारण खटका दाबला की मी गरम होते. माझा स्वभाव मुळीच तापट नाही हो! माझ्या पोटात तार आहे, आणि ती तार आधी एका इस्त्रीत होती.

माझा जन्म वारंगा फाट्याला झाला, जमील इलेक्ट्रिशियनच्या टपरीत. साल शहाण्णव. तेव्हा हिंगोलीचा जिल्हासुद्धा झाला नव्हता, आम्ही परभणीतच मोडत होतो. म्हणजे जिल्ह्यापेक्षा मी वयाने मोठी आहे. हे मी भेटेल त्या मुठीला ऐकवते.

माझे मालक मोहनसिंग. तांड्यावर राहायचे, पन्नाशीला टेकले होते, मिशा झुपकेदार आणि आवाज असा की शेजारच्या शिवारातला माणूस वळून बघेल. त्यांच्या आज्या-पणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घातला होता. मोहनसिंग शेती करत होते, पण बैलांची ओढ काही सुटली नव्हती. ते बैलबाजारात दलाली करायचे.

आमच्या बाजारात बैलाचा सौदा तोंडाने होत नसे. विकणारा आणि दलाल एकमेकांच्या हातावर रुमाल टाकत आणि त्याच्याआड बोटांनी बोलत. विकणाऱ्याने तळहातावर जितकी बोटं दाबली, तितके हजार. भोवती बघ्यांची ही गर्दी, पण भाव त्या दोघांशिवाय कुणाला कळायचा नाही. दलालाला चष्मा लागला तरी चालतं, पण त्याची बोटं जागी असावी लागतात.

आणि मोहनसिंगांची नेमकी बोटंच झोपायला लागली होती. बाजार भरतो उजाडता उजाडता. पौषाच्या थंडीत तांड्यापासून तासभर गाडी हाणायची म्हणजे वारा हाडात शिरतो. डावा हात निदान मधूनमधून काखेत तरी घालता येतो. उजव्याला ती चैन नाही. त्याने मूठ सोडली की गाडी मंदावलीच. त्यामुळे मोहनसिंगांचा उजवा हात, म्हणजे सौद्याचा हात, बाजारात पोचेपर्यंत पार लाकूड व्हायचा.

अशाच एका सकाळी घात झाला. शेषराव नावाचे एक शेतकरी आपला पांढरा बैल विकायला आले होते. रुमालाखाली त्यांनी बोटं दाबली. मोहनसिंगांना तीन लागली. त्यांनी तसं घेणाऱ्याला सांगितलं, सौदा झाला, कासरा घेणाऱ्याच्या हातात गेला, आणि शेषराव कडाडले, "तीन? म्या चार दाबली व्हती! दलाल हाय का चोर?"

हे मी पाहिलेलं नाही. तेव्हा मी एका मोडक्या इस्त्रीत धूळ खात पडले होते. पण तांड्यावर हे इतक्यांदा बोललं गेलं की मला पाहिल्यासारखंच वाटतं. मोहनसिंगांनी फरक पदरचा भरला. तरी बोलणारे बोलतच राहिले. "मोहनसिंगची बोटं बिघडली," म्हणणारे त्यातल्या त्यात बरे. "मोहनसिंगच बिघडला," असंही काही जण म्हणू लागले. पुढच्या बाजारात त्यांच्या रुमालाखाली कुणी हात घातला नाही. त्याच्या पुढच्या बाजाराला ते गेलेच नाहीत.

त्यांच्या बायकोला, जिवनबाईंना, हे बघवेना. "बाजाराचा दिवस हाय आन् तुमी चुलीपाशी काहून बसले?"

"माझी बोटं मेली," मोहनसिंग म्हणाले. "आता कोन इस्वास ठेवीन?"

जिवनबाईंनी त्यांचा हात ओढून चुलीजवळ धरला, मग आपलं बोट त्या तळहातावर टेकवलं. "कळून राहिलं का?"

"व्हय."

"मंग मेली न्हाईत, गारठली. जा त्या जमीलभाईकडं. गाडीला दिवा लावतो तो, शेगडी न्हाई का लावनार?"

जमील म्हणजे मोहनसिंगांचा जुना दोस्त. ट्रकचे दिवे, हॉर्न, बॅटऱ्या हे त्याचं काम. शेगडीची गोष्ट ऐकून तो आधी पोट धरधरून हसला. मग कोपऱ्यात पडलेली जुनी इस्त्री त्याने खोलायला घेतली. तिच्यातल्या तारेचे दोन तुकडे कापले. तुकडा लांब ठेवला तर नुसता कोमट, तोकडा ठेवला तर चटका. रबरी मुठीच्या आत ती तार गुंडाळायची, वरखाली अभ्रक आणि सुती पट्टी, म्हणजे करंट हँडलला लागायला नको. अशी मी झाले, आणि अशीच माझी डावी बहीण.

पहिल्या दिवशी आमची चांगलीच फजिती झाली. मोहनसिंग ऐटीत गाडीवर बसले, खटका दाबला, आणि फाट्यावरच्या हॉटेलापर्यंत जातात न जातात तोच "आरं बाप रे!" करून त्यांनी मला सोडलं. मी नुसती भडकले होते. रबराचा वास सुटला. आणि डावी? ती ढिम्म गार! आळशी आहे म्हणून मी तिला पुष्कळ हिणवलं. पुढे जमीलने उलगडा केला. मी बसते अॅक्सिलेटरच्या प्लॅस्टिकच्या नळीवर, माझी ऊब माझ्यापाशीच राहते. ती बसते उघड्या लोखंडावर, तिची सगळी ऊब हँडल पिऊन टाकतं. जमीलने तिच्याखाली चामड्याची पट्टी घातली, माझ्यात थोडी तार वाढवली. शिवाय मी सारखी पिळली जाते, म्हणून माझ्या वायरला सैल घोळ ठेवला, नाहीतर दोन दिवसांत तुटली असती. डावीची मी माफी मात्र मागितली नाही.

"बराबर झालं आता," जमील म्हणाला. "चावी काढली तरी गरम राहीन. बाजारात उभ्या उभ्या बी हात शेका. तकलीफ झाली तर या."

पुढच्या बाजाराला जिवनबाई मागे बसल्या आणि आम्ही निघालो. काय सांगू त्या सकाळचं! शेतं धुक्यात बुडालेली, वारा तोंड फोडून काढत होता, आणि मी त्या रुंद तळव्याखाली मंद मंद तापत होते. आधी बोटं ताठ होती. मग एकेक सैल झालं. अर्ध्या वाटेत मोहनसिंग मोठ्याने गाणंच म्हणायला लागले. जिवनबाई म्हणाल्या, "हात बरा झाला, आता गळ्याचं बी काही बघा."

बाजारात मात्र गाणं थांबलं. लोक बघत होते, पण जवळ कुणी येईना. शेवटी एका गिऱ्हाईकाला शेषरावांचा दुसरा बैल आवडला, आणि त्याने हट्ट धरला की सौदा मोहनसिंगच करतील. शेषराव सगळ्यांदेखत म्हणाले, "करा. पर या खेपेला बोटं नीट चाचपा म्हनावं."

रुमाल पडला. मी दहा पावलांवर स्टँडवर उभी. तारेला इतकी धडधड कधी झाली नव्हती. रुमाल जरासा हलला, थांबला, पुन्हा हलला. मग मोहनसिंगांनी वर बघून मान डोलावली, शेषरावांनीही डोलावली, आणि सौदा झाला. भांडण नाही, तंटा नाही. मी आनंदाने आणखीच तापले.

थोड्या वेळाने शेषराव एकटेच माझ्यापाशी आले. गरम मुठीची बातमी बाजारभर झाली होती. इकडेतिकडे बघत त्यांनी आपला गारठलेला उजवा हात माझ्यावर ठेवला आणि मला घट्ट धरलं. निदान त्यांना तसं वाटलं. मला तीनच बोटं लागली. करंगळी वर हवेत ताठ उभी होती. तेही बघतच राहिले. दुसऱ्या हाताने ती दाबून पाहिली, वळेना. माझी ऊब हळूहळू मुरली तेव्हा कुठे ती जराशी वाकली. शेषरावांचा चेहरा पडला. त्या पांढऱ्या बैलाच्या सकाळीही अशीच थंडी होती. त्यांनी चार दाबली होती मनाने, पण हाताने तीनच. हात काखेत घालून ते निघून गेले.

मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण मुठीला तोंड कुठलं? आणि तोवर निम्मा बाजार हात शेकायला आला, गप्पा झाल्या, विड्या ओढून झाल्या, आणि बॅटरी पार उतरली. मग त्याच निम्म्या बाजाराने आम्हाला ढकलत रस्त्याला लावलं. फुकट शेकलेल्याची अशी वसुली होते!

परतीच्या वाटेवर मोहनसिंग बायकोला म्हणाले, "शेषरावची करंगळी दबतच न्हाई. तीन बोटं दबली, चौथं नुसतं टेकलं. आज हात गरम व्हता म्हनून टेकलेलं कळलं. म्या चार धरले. त्याच्या मनात बी चारच व्हते."

"म्हंजे तवाची चूक त्याची व्हती!" जिवनबाई उसळल्या. "मंग सांगितलं काहून न्हाई चारचौघात?"

"रुमालाखालचं हाय ते. म्या भायेर काढलं तर उद्या कोन हात दीन मला? ज्याचं बोट त्यानं सांगावं."

जिवनबाई तोंड फिरवून बसल्या. मलाही राग आला होता. आपल्यावरचा डाग पुसायला एक वाक्य पुरलं असतं, आणि हा माणूस ते गिळून बसला!

पण हळूहळू लोक परत रुमालाखाली हात घालू लागले. जिल्हा झाला, रस्ते रुंद झाले, बाजारात ट्रॅक्टरवाले दिसू लागले, खिशाखिशात मोबाइल वाजू लागले. जमीलने माझी तार दोनदा बदलली. डावी चार वर्षांपूर्वी कायमची गार पडली. आता मला तिची फार आठवण येते, शेजारीच असूनही. मोहनसिंगांच्या मुलाने, रणजीतने, बटणावर सुरू होणारी नवी गाडी घेतली. आणि गेल्या हिवाळ्यात मोहनसिंगांनी ठरवलं, दलाली पुरे. शेवटच्या बाजाराला मात्र ते माझ्यावरच गेले. त्या दिवशी माझीही तार तुटलेली होती. खटका दाबूनही मी गारच राहिले, आणि शरमेने मला कुठे तोंड लपवू असं झालं.

बाजारातल्यांनी त्यांना टॉवेल-टोपी दिली. कुणीतरी भाषण केलं आणि शेवटी गमतीने म्हणालं, "इतक्या वर्सात आपला मोहनसिंग एकदाच चुकला, शेषरावच्या बैलाला!" सगळे हसले. मोहनसिंगही हसले.

शेषराव हसले नाहीत. गर्दीतून वाट काढत ते पुढे आले आणि त्यांनी उजवा हात वर धरला. "मोजा बोटं," म्हणाले, आणि मूठ वळली. तीन बोटं मिटली. करंगळी थंडीत ताठच राहिली.

"जुवाखाली चेंगरली व्हती. थंडीत वळत न्हाई. तवा ह्याला चोर म्हनलो, आन् चूक माझ्या बोटाची व्हती. मला कळलं त्याच हिवाळ्यात. ह्याला बी कळलं व्हतं, दुसऱ्या बैलाला तीनच दबली तरी ह्यानं चार धरले. ह्यो बोलला न्हाई, आन् मला लाज आडवी आली."

शेषरावांचा हात तसाच वर. मोहनसिंगांनी खांद्यावरचा नवाकोरा टॉवेल काढला, त्या हातावर टाकला, आणि खालून आपला हात घातला. बराच वेळ टॉवेल हलत होता. कुणी किती बोटं दाबली, ते त्या दोघांशिवाय कुणालाच माहीत नाही. डोळे मात्र दोघांचेही भरले होते आणि दोघेही हसत होते.

आता गाडी तांड्यावर कडुनिंबाखाली उभी असते. रणजीत म्हणतो, विकून टाकू. विक बाबा, माझी काही तक्रार नाही. फक्त विकण्याआधी तुझ्या वडिलांना एकदा माझ्यापाशी येऊन बसू दे, एवढंच मागणं आहे. कारण त्या दिवशी टॉवेल आवरून ते गाडीपाशी आले आणि त्यांनी मला धरलं. इतके हिवाळे मी त्या हाताला ऊब दिली. त्या सकाळी माझी तार तुटलेली होती, आणि त्या हाताने मला ऊब दिली.