लसणाचा वाफा

अरुणचे हात अजून काही विसरले नव्हते, म्हणून लतिकाने बाग घेतली. छप्पन्नाव्या वर्षी नवऱ्याला विसरण्याचा आजार जडला होता. यंत्रांचे आराखडे काढण्यात ज्याची हयात गेली, तो माणूस जेवून उठल्याबरोबर "जेवायचं कधी?" असं विचारू लागला, तेव्हा कंपनीने त्याला घरी बसवलं. "हाताला काम राहू द्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. नेदरलँड्समधल्या त्यांच्या बेस्ट गावाच्या वेशीवर भाड्याने मिळणाऱ्या बागांमधला एक तुकडा रिकामा होता. उन्हाळा सरता सरता लतिकाने तो घेतला.

सुरुवात झकास झाली. अरुणने भुसभुशीत काळ्या मातीत दोरी बांधून सरळ वाफे पाडले. लीक या जाड पातीच्या कांद्यासारख्या भाजीची गवतासारखी रोपं खोल भोकांत उतरवली, बोरेनकोल या इथल्या हिवाळी पालेभाजीवर जाळी ताणली. पावसाने मुक्काम ठोकल्यावर दोघांनी लसूण लावला, एकेक पाकळी टोक वर करून, वितीवितीवर. शेजारच्या बागेतली कॉरी, सत्तरीची डच बाई, कुंपणावरून बघत म्हणाली, "इतका सरळ वाफा इथे कुणाचाच नाही." त्या दिवशी घरी येताना अरुण शीळ घालत होता. लतिकाला वाटलं, निभेल.

त्या वर्षी थंडी पडलीच नाही. "गारठल्याशिवाय बोरेनकोलला गोडी येत नाही," कॉरी म्हणायची आणि आभाळाकडे बघायची. आभाळातून नुसती रिपरिप. डिसेंबरातही गोगलगायी मेल्या नाहीत. लतिकाने कडेला पेरलेल्या मेथीचा त्यांनी फन्ना उडवला. रेनकोट घालून लतिका त्या वेचायची आणि अरुण अवजारांच्या खोपटाच्या छपराखाली उभा राहून विचारायचा, "आपण इथे का आलोय?" ती सांगायची. तो पुन्हा विचारायचा.

मग लसणाचे हिरवे कोंब वर आले आणि अरुणने ते गवत समजून उपटले. लतिकाने पाकळ्या गोळा करून पुन्हा लावल्या. त्याने पुन्हा उपटल्या. तिने पुन्हा लावल्या. ग्रोनिंगनला शिकणाऱ्या मुलाचा, राजसचा, फोन आला तेव्हा तिने विषय काढला. "आई, इट्स जस्ट गार्लिक," तो म्हणाला. आपल्याला नेमकं काय सांगायचंय, ते तिलाही धड सांगता येईना.

जानेवारीतल्या एका दुपारी ती गोगलगायींची बादली रिकामी करायला बांधापलीकडे गेली. परत आली तर वाफे बोडके. लीक, बोरेनकोल, लसूण, सगळं मुळासकट उपटून अरुणने नीट ढीग रचला होता. चिखलाने माखलेले हात पसरून तो हसला.

"बघ, सगळं साफ केलं."

इतक्या दिवसांचं साठलेलं एकदम उसळलं. "अक्कल आहे का तुला?" ती किंचाळली. "तूच लावलंस ना हे! एवढंसुद्धा राहत नाही डोक्यात?" त्याचे दंड धरून तिने त्याला गदागदा हलवलं. त्याचा तोल गेला आणि तो मोकळ्या वाफ्यात कोसळला. उठला नाही. भेदरून वर बघत राहिला.

"माफ करा," तो म्हणाला. "तुमची बाग आहे का? मला माहीत नव्हतं. माझी बायको येईलच आता मला न्यायला..."

एवढ्या वर्षांच्या संसारात त्याने तिला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. भांडतानासुद्धा नाही. लतिका चिखलातच गुडघ्यांवर बसली. तिने हात पुढे केला, तर त्याने अंग चोरलं. शेवटी आवाज ऐकून कॉरी आली, तिने त्याला उठवलं. तिच्यासोबत तो निमूट फाटकापर्यंत चालत गेला.

टाकवेना म्हणून लतिकाने थोडं लीक घरी आणलं आणि पीठ पेरून भाजी केली. अरुण मन लावून जेवला.

"छान झालीये गं," तो म्हणाला. मग बाही वर सरकवून दंड चोळू लागला. "हे काय लागलंय मला?"

"घसरलास बागेत," ती म्हणाली.

त्याने लगेच मान डोलावली. त्याचा तिच्यावर पूर्ण विश्वास होता. लतिकाने उरलेली भाजी त्याच्या ताटात वाढली.

सोमवारी ती बागेची किल्ली कॉरीकडे द्यायला गेली. "मार्चमध्ये पुन्हा लावता येईल की," कॉरी म्हणाली.

"नको."

फाटकाबाहेर गाडीत अरुण बसला होता. पावसाने काच धुरकट झाली होती, आत त्याचा चेहरा दिसत नव्हता. लतिका थोडा वेळ तिथेच भिजत उभी राहिली, मग गाडीकडे निघाली.